रुमालाखालचा सौदा



आठवड्याच्या बैलबाजाराला आपल्यापैकी पुष्कळजण गेलेले असतील. बैलाचे दात पाहून होतात, खूर पाहून होतात, चार पावले चालवून त्याची चाल पाहिली जाते. मग घेणारा आणि हेड्या एकमेकांचा हात धरतात, आणि त्या हातांवर रुमाल किंवा उपरणे टाकले जाते. रुमालाखाली बोटे दाबली जातात. भोवती पाच-पन्नास माणसे उभी असतात. पण सौदा किती रुपयांना तुटला, हे त्या दोघांखेरीज कोणालाच कळत नाही. शेतमालाच्या पेठेतही एके काळी हीच रीत होती. तिला हत्ता म्हणत. पुढे बाजार समित्या आल्या, उघड लिलाव आला, आणि निदान कायद्याने तरी तो रुमाल काढून घेतला.

आपला पैसा, आपलाच बैल. तेथे रुमाल टाकला म्हणून कोणी बोट दाखवणार नाही. पण समजा, साऱ्या गावाने वर्गणी काढली आणि गावासाठी एक चांगला वळू आणायला दोन जाणती माणसे पाठवली. जाताना गावाने बजावले, की हेड्या मध्ये नको, थेट मालकाशी बोला. वळू आला. नामी आला. वर्षभराने विकणाऱ्याच्या गावाकडचा एक पाहुणा पारावर बसून सहज म्हणतो, ‘तुमच्या वळूच्या पैशांतले काही रुपये हेड्याच्या हाताने परत फिरले, म्हणे.’

आता तीन प्रश्न उभे राहतात. वळू चांगला आहे की नाही? पैसे खरोखर परत फिरले का? आणि फिरले असतील, तर ते शेवटी कोणाच्या खिशात गेले? हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत. पारावर मात्र काय होते, ते बघा. एकजण म्हणतो, ‘वळू चांगला आहे ना? मग गप्प बसा.’ दुसरा म्हणतो, ‘पैसे खाल्ले, तेव्हा वळूही कुचकामीच असणार.’ तिसरा म्हणतो, ‘ते दोघे गेले होते, म्हणजे त्यांनीच खाल्ले.’ तिघेही चुकतात. आणि ही चूक गावाच्या पारावरच होते असे नाही. ती देशाच्या पारावरही होते. आज मी तुम्हांला अशाच एका मोठ्या सौद्याची हकीकत सांगणार आहे. तो सौदा बोफोर्स तोफांचा.

बोफोर्स हे नाव ऐकलेले नाही असा प्रौढ माणूस आपल्याकडे विरळा. काही वर्षे तर बोलभाषेत त्या शब्दाचा अर्थच लाचलुचपत असा होऊन बसला होता. पण घडले काय, सिद्ध काय झाले आणि काय झाले नाही, हे विचारले, तर दहांतले नऊजण अडखळतात. म्हणून प्रथम हकीकत क्रमाने पाहू.

बोफोर्स ही स्वीडन देशातली जुनी शस्त्रे बनवणारी कंपनी. कार्लस्कोगा नावाच्या गावी तिचा कारखाना. ज्यांच्या नावाने नोबेल पारितोषिक दिले जाते, त्या आल्फ्रेड नोबेल यांनी १८९४ मध्ये हा कारखाना विकत घेतला होता. २४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने या कंपनीशी करार केला. सुमारे ४०० तोफा घ्यायच्या आणि त्यांचा दारूगोळा व इतर साहित्य मिळून १,४३७ कोटी रुपये द्यायचे, असे ठरले. या तोफेच्या नळीचे तोंड १५५ मिलिमीटरचे, म्हणजे सहा इंचांहून किंचित मोठे. गोळा चाळीस किलोंहून जड. पंधरा सेकंदांच्या आत तीन गोळे सोडायचे आणि शत्रूचा उलटा मारा येण्याआधी स्वतःच्या इंजिनावर जागा बदलायची, हा तिचा मुख्य गुण.

या तोफेशी एका फ्रेंच तोफेची स्पर्धा होती. आधीच्या चाचण्यांत आपल्या लष्कराने फ्रेंच तोफेला वरचा क्रमांक दिला होता. फेब्रुवारी १९८६ मध्ये पसंती बदलली आणि बोफोर्स वर आली. मारा करून चटकन जागा बदलण्याची गरज त्या वेळी जास्त वाटली, असे कारण देण्यात आले. हे कारण खोटे होते असे नाही. पण पसंती बदलली आणि महिन्याभरात करार झाला, ही गोष्ट पुढे लोकांच्या डोळ्यांत भरली.

आता महत्त्वाची अट. त्या वेळचे पंतप्रधान राजीव गांधी यांनी स्वीडनच्या पंतप्रधानांना, ओलोफ पाल्मे यांना, आधीच सांगितले होते, की या व्यवहारात दलाल नको. कंपनीनेही मार्च १९८६ मध्ये लेखी कळवले, की या कामासाठी आमचा कोणी दलाल भारतात नाही. हेतू सरळ होता. दलालाला द्यायचे पैसे विकणारा आपल्या घरातून देत नाही. ते तो किमतीतच घालतो. दलाल नसेल, तर तेवढी किंमत उतरावी.

इथे कोणी विचारील, की शस्त्रांच्या खरेदीतच ही भानगड वारंवार का होते? कारणे समजण्यासारखी आहेत. धान्याच्या बाजारात विकणारे शेकडो आणि घेणारेही शेकडो. तोफांच्या बाजारात विकणारे चार-पाच, आणि घेणारे एकेका देशाचे सरकार. सौदा एकदा हुकला, तर पुन्हा दहा-वीस वर्षांत तशी संधी नाही. कारखाना बंद पडायची पाळी. रक्कम इतकी मोठी, की शंभराला दोन-तीन रुपये इकडचे तिकडे झाले, तरी त्यांचे कोट्यवधी होतात. माल इतका अवघड, की चांगलावाईट ठरवणारे मोजकेच. आणि सर्वांवर गुप्ततेचे पांघरूण. ही गुप्तता काही अंशी आवश्यकच असते. आपल्या तोफा किती आणि कोठे, हे शत्रूला कळू नये. पण तोच रुमाल दुसऱ्या कामालाही येतो. तोफ झाकायला टाकलेल्या रुमालाखाली बोटेही दाबता येतात.

करारानंतर वर्षभराने, १६ एप्रिल १९८७ रोजी, ही गोष्ट बाहेर फुटली. ती कशी फुटली, हे तुम्हां रेडिओ ऐकणाऱ्यांना सांगितलेच पाहिजे. ती रेडिओवरून फुटली. स्वीडनच्या रेडिओने आपल्या बातमीत सांगितले, की हे कंत्राट मिळवण्यासाठी बोफोर्सने भारतातल्या बड्या राजकारणी मंडळींना आणि संरक्षण खात्यातल्या लोकांना स्वित्झर्लंडच्या गुप्त खात्यांतून लाच दिली. पारावरचा पाहुणा बोलला, तो असा.

आपल्या सरकारने ही बातमी निराधार म्हणून धुडकावली. पण योगायोग असा, की चारच दिवस आधी संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी राजीनामा दिला होता. दुसऱ्या एका खरेदीतल्या, पाणबुड्यांच्या दलालीची चौकशी त्यांनी लावली होती आणि त्यावरून मतभेद झाले होते. त्यामुळे वातावरण आधीच तापलेले होते. जून १९८७ मध्ये स्वीडनच्या सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने चौकशी करून अहवाल दिला. त्यात दिसले, की बोफोर्सने या कंत्राटाच्या संदर्भात पैसे दिलेले आहेत. कंपनीचे म्हणणे असे, की ही दलाली नव्हे. जुन्या मध्यस्थांशी असलेले करार मोडावे लागले, त्याची ती भरपाई. भारतात हा आकडा सुमारे ६४ कोटी रुपये असा लोकांच्या तोंडी बसला. शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे: १,४३७ कोटींत ६४ कोटी, म्हणजे शंभराला साडेचार रुपयांच्या जवळपास.

म्हणजे आपल्या तीन प्रश्नांपैकी एकाचे उत्तर तेव्हाच मिळू लागले होते. पैसे फिरले होते. मग ते गेले कोठे?

हा भाग नीट ध्यान देऊन ऐकण्यासारखा आहे. असे पैसे कोणी थैलीत घालून आणत नाही. ब्रिटनमध्ये ए. ई. सर्व्हिसेस नावाची एक कंपनी होती. सीबीआयने, म्हणजे केंद्रीय अन्वेषण विभागाने, पुढे न्यायालयात मांडलेली हकीकत अशी. १५ नोव्हेंबर १९८५ रोजी बोफोर्सने या कंपनीशी करार केला, की ३१ मार्च १९८६ च्या आत भारताचे कंत्राट आम्हांला मिळाले, तर तुम्हांला तीन टक्के देऊ. कंत्राट २४ मार्चला झाले. मुदतीच्या आठवडाभर आधी. भारताने आगाऊ रक्कम दिली. त्यानंतर सप्टेंबर १९८६ मध्ये ए. ई. सर्व्हिसेसच्या झुरिचमधल्या खात्यात ७३ लाखांहून थोडे अधिक डॉलर जमा झाले. ही रक्कम भारताने दिलेल्या आगाऊ रकमेच्या बरोबर तीन टक्के होती. त्याच महिन्यात त्यातले ७१ लाखांहून अधिक डॉलर तेथून निघून जिनिव्हामधल्या कोलबार नावाच्या कंपनीच्या खात्यात गेले. हे खाते ओट्टावियो क्वात्रोची आणि त्यांची पत्नी यांचे, असे सीबीआयचे म्हणणे. तेथून ते पैसे आणखी एका कंपनीच्या खात्यात, आणि तेथून इंग्लंडजवळच्या गर्न्सी बेटावर. दुसऱ्या वाटेने गेलेल्या पैशांच्या खात्यांना तर लोटस, ट्यूलिप आणि माँ ब्लाँ अशी फुलांची आणि डोंगराची टोपणनावे होती.

या कंपन्या म्हणजे काय? तेथे कारखाना नाही, दुकान नाही, माल नाही. एक पाटी, एक टपालपेटी आणि बँकेतले एक खाते. ओढ्याचे पाणी पाच ठिकाणी वळवले, की कोणाच्या विहिरीत काय उतरले, ते सांगता येत नाही. तसाच हा पैशाचा पाट. क्वात्रोची हे एका इटालियन कंपनीचे दिल्लीतले प्रतिनिधी होते. ती कंपनी खतांच्या कारखान्यांची कामे करीत असे. तोफांशी तिचा काही संबंध नव्हता. पंतप्रधानांच्या घरी त्यांचे येणेजाणे होते, म्हणून हे नाव अधिक गाजले. आपण काही गैर केले नाही, असे ते शेवटपर्यंत सांगत राहिले.

आता चौकशीची कथा. ऑगस्ट १९८७ मध्ये संयुक्त संसदीय समिती नेमली गेली. विरोधी पक्षांनी तिच्यावर बहिष्कार घातला. १९८८ मध्ये तिने अहवाल दिला, की दलालीचा किंवा लाचेचा पुरावा नाही. समितीतल्या एका सदस्याने मात्र वेगळे मत नोंदवले. त्याच वर्षी ‘द हिंदू’ या वृत्तपत्रात चित्रा सुब्रमण्यम् आणि एन. राम यांनी पैसे दिल्याचे कागदच छापायला सुरुवात केली. जुलै १९८९ मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल संसदेपुढे आला. तोफ निवडण्याच्या पद्धतीवर त्यात ताशेरे होते. त्यावरून लोकसभेतल्या विरोधी सदस्यांनी एकदम राजीनामे दिले. त्याच वर्षअखेर निवडणूक झाली. पाच वर्षांपूर्वी चारशेहून अधिक जागा जिंकणाऱ्या काँग्रेस पक्षाचे बहुमत गेले, आणि विश्वनाथ प्रताप सिंह पंतप्रधान झाले. एका सौद्याच्या संशयाने देशाचे सरकार बदलायला हातभार लावला.

सरकार बदलले, सत्य तेवढ्याने बाहेर आले नाही. जानेवारी १९९० मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला आणि स्वित्झर्लंडकडे बँकेचे कागद मागितले. खातेदारांनी तिथल्या न्यायालयांत एकामागून एक अपिले केली. कागद हाती आले जानेवारी १९९७ मध्ये. सात वर्षे! दरम्यान जुलै १९९३ मध्ये क्वात्रोची भारत सोडून गेले होते. आरोपपत्र दाखल झाले ऑक्टोबर १९९९ मध्ये, करारानंतर साडेतेरा वर्षांनी. क्वात्रोचींना आधी मलेशियात आणि मग २००७ मध्ये अर्जेंटिनात पकडण्यात आले. पण दोन्ही देशांनी त्यांना भारताच्या स्वाधीन केले नाही.

राजीव गांधींची १९९१ मध्ये हत्या झाली. करारावेळचे संरक्षण सचिव आणि कंपनीचे भारतातले जुने प्रतिनिधी विन चढ्ढा हे दोघेही २००१ मध्ये वारले. ४ फेब्रुवारी २००४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने निकाल दिला, की राजीव गांधी किंवा संरक्षण सचिव यांनी लाच घेतल्याचा पुरावा नाही. ३१ मे २००५ रोजी कंपनी आणि काही उद्योजक यांच्यावर राहिलेले आरोपही याच न्यायालयाने रद्द केले. एक कारण ऐकून ठेवा. स्वीडनमधून आणलेल्या ज्या कागदांवर खटला उभा होता, ते मूळ कागद नव्हते. त्या नुसत्या छायाप्रती होत्या, आणि त्यांच्या खरेपणाची खातरजमा झालेली नव्हती. चौकशीवर सरकारी तिजोरीतून २५० कोटींच्या आसपास खर्च झाल्याबद्दल न्यायालयाने नापसंतीही बोलून दाखवली. शोध ६४ कोटींचा, आणि खर्च २५० कोटी.

शेवटचा भाग तर आणखी चमत्कारिक आहे. २०१० सालच्या अखेरीस प्राप्तिकराच्या अपील न्यायाधिकरणाने निर्णय दिला, की क्वात्रोची आणि चढ्ढा यांना या सौद्यात सुमारे ४१ कोटी रुपयांची दलाली मिळाली आहे, आणि तिच्यावर कर लागतो. त्यानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, ४ मार्च २०११ रोजी, सीबीआयनेच खटला मागे घेण्याची परवानगी मागितल्यावरून दिल्लीच्या न्यायालयाने क्वात्रोचींना मुक्त केले. २०१३ मध्ये ते वारले. आणि २००५ च्या निकालावर सीबीआयने केलेले अपील सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०१८ रोजी फेटाळले. कारण काय? अपील करायला साडेचार हजारांहून अधिक दिवसांचा उशीर झाला होता.

श्रोतेहो, आता आपल्या तीन प्रश्नांकडे परत येऊ.

पैसे परत फिरले का? होय. दलाल नको असे ठरलेले असताना पैसे दिले गेले, हे स्वीडनच्या लेखापरीक्षकांनी सांगितले आणि आपल्या कर न्यायाधिकरणानेही मानले.

ते लाच म्हणून कोणा सत्ताधाऱ्याच्या वा अधिकाऱ्याच्या खिशात गेले का? हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नाही. स्वीडनच्या पोलिसांतर्फे या प्रकरणाचा तपास करणारे अधिकारी स्टेन लिंडस्ट्रम यांनीच चित्रा सुब्रमण्यम् यांना गुप्तपणे कागद पुरवले होते. २०१२ मध्ये, पंचवीस वर्षांनी, त्यांनी आपले नाव उघड केले. ते म्हणाले, की राजीव गांधींनी लाच घेतल्याचा पुरावा आम्हांला मिळाला नाही. परंतु प्रकरण झाकण्याचा प्रयत्न चालला होता आणि तो त्यांनी थांबवला नाही. हे दोन्ही अर्धे एकत्र ऐकले पाहिजेत. एकाच अर्ध्याने टाळ्या मिळतात, पण सत्य पुरे होत नाही.

आणि आरोप कसा चिकटतो, तेही पाहा. अभिनेते अमिताभ बच्चन त्या वेळी लोकसभेचे सदस्य होते. त्यांचेही नाव या प्रकरणात ओढले गेले. १९८७ मध्ये त्यांनी लोकसभेचा राजीनामा दिला. त्यांच्याविरुद्ध काहीही नव्हते, असे त्याच लिंडस्ट्रम यांनी सांगितले. पण तेही २०१२ मध्ये. पंचवीस वर्षे एका माणसाने निराधार संशय वागवला. खरा दोषी सुटतो आणि निर्दोष माणसाला डाग लागतो, या गोष्टी दोन वाटतात, मूळ एकच. ते म्हणजे उशीर. वेळेवर लागलेला निकाल दोषीला पकडतो आणि निर्दोषाला सोडवतो. उशिराचा निकाल दोन्ही कामे करीत नाही.

राहिला तिसरा प्रश्न: तोफ चांगली होती का? याचे उत्तर न्यायालयाने दिले नाही. कारगिलच्या डोंगरांनी दिले. १९९९ च्या उन्हाळ्यात द्रास आणि कारगिल भागातल्या उंच शिखरांवर शत्रू चढून बसला होता आणि खालचा श्रीनगर-लेह रस्ता त्याच्या माऱ्यात होता. तोलोलिंग आणि टायगर हिल या शिखरांवर आपले जवान चढत होते, तेव्हा खालून बोफोर्स तोफा त्यांची वाट मोकळी करीत होत्या. त्या लढाईत आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे, बॉम्ब आणि रॉकेटे डागली. ज्या नावाची देशाने बारा वर्षे कुचेष्टा केली, त्याच नावाच्या तोफेने कितीतरी आयांची मुले वाचवली. म्हणून मी म्हणालो, वळू चांगला होता. पण त्याने रुमाल धुऊन निघत नाही. आणि रुमाल मळका होता म्हणून वळूही वाईट ठरत नाही.

आता सर्वांत मोठे नुकसान सांगतो. ते ६४ कोटींत मोजता येत नाही. बोफोर्सनंतर संरक्षण खात्यात एक धास्ती बसली. कागदावर सही केली, तर उद्या आपल्यावरही चौकशी येईल. त्यापेक्षा फाइल पुढे ढकललेली बरी. चाचण्या झाल्या, पुन्हा झाल्या; निविदा निघाल्या आणि रद्द झाल्या; काही कंपन्या आरोपांवरून काळ्या यादीत गेल्या. १९८६ नंतर परदेशातून नवी मोठी तोफ घेण्याचा करार झाला तो नोव्हेंबर २०१६ मध्ये, अमेरिकेकडून १४५ हलक्या तोफा घेण्याचा. तीस वर्षे! खरे म्हणजे बोफोर्सच्या करारातच तोफेचे आराखडे आपल्याला मिळायचे होते, आणि ते मिळालेही. पण ते पुष्कळ वर्षे पडून राहिले. त्यांचा आधार घेऊन आपल्या कारखान्यांनी ‘धनुष’ तोफ उभी केली, आणि त्यातल्या पहिल्या सहा लष्कराच्या हवाली झाल्या त्या एप्रिल २०१९ मध्ये. लाच खाणारा थोडे पैसे खातो. पण त्याच्यामागून येणारा संशय देशाची वर्षेच्या वर्षे खातो.

मग उपाय काय? खरेदीच बंद करणे हा उपाय नव्हे, आणि डोळे मिटून सही करणे हाही नव्हे. रुमाल काढणे हा उपाय. त्या दिशेने काही पावले पडली आहेत. संरक्षणाच्या मोठ्या करारांत आता विकणाऱ्याकडून सचोटीचा लेखी करार घेतला जातो. लाच दिल्याचे दिसले, तर सौदा मोडता येतो. याच अटीवर बोट ठेवून जानेवारी २०१४ मध्ये अतिमहत्त्वाच्या व्यक्तींसाठी घ्यावयाच्या १२ हेलिकॉप्टरांचा करार सरकारने रद्द केला. २०१८ च्या दुरुस्तीने भ्रष्टाचारविरोधी कायद्यात लाच देणारी कंपनीही सरळ गुन्हेगार ठरते. कायदे आहेत. पण कायद्याला वेळेवर आणि मूळ कागदांवर काम करावे लागते. नाहीतर पुढच्या सौद्याचेही असेच होईल.

तुम्ही म्हणाल, ‘तोफा काही आम्ही विकत घेत नाही.’ खरे आहे. पण शाळेची खोली आपण बांधतो, पाणीपुरवठ्याचा पंप आपण घेतो, सोसायटीचा काटा आपण आणतो. तिथेही हीच तीन कामे असतात. घेण्याआधी दर सर्वांसमोर वाचून दाखवायचे. पावती आणि कोटेशनचे मूळ कागद दप्तरात जपून ठेवायचे. छायाप्रतीवर बोफोर्सचा खटला टिकला नाही, तुमचा कसा टिकेल? आणि तक्रार आली, तर ती ग्रामसभेत त्याच महिन्यात निकालात काढायची. पुढच्या निवडणुकीसाठी राखून ठेवायची नाही. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला बोलू द्यायचे; आणि जो आरोप करतो, त्याच्याकडे कागद मागायचा.

शिक्षकबंधू-भगिनींना एक विनंती. वर्गात मुलांना एखाद्या बातमीतले तीन रकाने पाडायला शिकवा: कोणी म्हटले ते एक, कागदाने दिसते ते दुसरे, न्यायालयाने ठरवले ते तिसरे. ज्या मुलाला हे तीन रकाने वेगळे ठेवता आले, तो उद्या कोणाच्या भाषणाने वाहवणार नाही, आणि कोणाच्या दडपणाने गप्पही बसणार नाही.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने सीबीआयचे अपील फेटाळले, त्याची तारीख २ नोव्हेंबर २०१८. त्यानंतर बरोबर आठवड्याने, ९ नोव्हेंबरला, आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत, जेथे तोफखान्याचे शिक्षण देणारी लष्कराची शाळा आहे, तेथे समारंभ झाला. अमेरिकेकडून घेतलेल्या हलक्या तोफा आणि गुजरातेत तयार होणाऱ्या स्वयंचलित ‘वज्र’ तोफा त्या दिवशी लष्करात दाखल झाल्या. एका आठवड्यात जुन्या तोफेचे अपील उशिरापायी बुडाले, आणि नव्या तोफा उशिराने का होईना, पोहोचल्या. मधल्या बत्तीस वर्षांत सीमेवर जे जवान उभे होते, त्यांतले पुष्कळ आपल्याच गावांतले. ते कोणाच्या खात्यात किती जमा झाले, हे विचारीत नव्हते. त्यांना हातात चांगली तोफ हवी होती, आणि ती आपण सरळ हाताने आणून द्यावी, एवढेच त्यांचे मागणे होते.

ते मागणे न्याय्य आहे. सौदा गावाचा असो की देशाचा, रुमाल बाजूला ठेवूनच करावा, इतके सांगून मी आपली रजा घेतो. नमस्कार.